व्हेनिसमध्ये स्थानिक मार्गदर्शक कुठे, केव्हा आणि कशासाठी घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस व्हेनिसमध्ये तीन रात्रींचा मुक्काम आहे. सोबत साठी ओलांडलेले आईवडील आहेत, आईंना गुडघ्यांचा त्रास आहे आणि सर्वजण शाकाहारी आहेत. सान मार्कोचा चौक आणि रियाल्तोचा पूल पाहायचे आहेतच, पण त्यापलीकडच्या शांत वस्त्या एखाद्या स्थानिक मार्गदर्शकासोबत पाहाव्यात का, कोणत्या पाहाव्यात आणि त्यावर केलेला खर्च सार्थकी लागेल का, असे आपण विचारले आहे. प्रवासी कंपनीने स्वस्त पडते म्हणून मेस्त्रे येथे हॉटेल सुचवले आहे, हेही आपण कळवले आहे. इटलीतील सहली आखण्याचे आणि मराठी कुटुंबांसोबत तिथे जाण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

मार्गदर्शक अवश्य घ्यावा, पण तो सान मार्कोसाठी घेऊ नये. पहिल्याच सकाळी, अडीच-तीन तासांसाठी आणि एकाच वस्तीत घ्यावा. त्याच्याकडून ठिकाणांची यादी उरकून घेण्यापेक्षा हे शहर वाचायचे कसे ते शिकून घ्यावे, म्हणजे उरलेले दोन दिवस आपले आपण फिरता येते. बहुतेक कुटुंबे याच्या नेमके उलट करतात. सान मार्कोतल्या डोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, राजवाड्यात माहितीचे फलक आहेत, ध्वनिमार्गदर्शक यंत्रे मिळतात आणि एरवी बंद असलेल्या दालनांसाठी राजवाड्याची स्वतःची मार्गदर्शित फेरीही आहे. तिथे ही मंडळी वेगळे पैसे मोजून मार्गदर्शक घेतात. आणि जिथे एकही फलक नाही, जिथे भिंतीतला एक दगड किंवा चौकातली बंद विहीर काय सांगते आहे हे कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही, त्या गल्ल्यांत ती नकाशा हातात धरून एकटीच शिरतात, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढतात आणि ‘शांत आहे, पण पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणत परत येतात.

आधी मुक्कामाचा प्रश्न सोडवू, कारण त्यावर बाकीचे सारे अवलंबून आहे. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे नेहमीसारखे रस्ते आणि मोटारी असलेले शहर आहे, आणि तिथून आगगाडी किंवा बसने व्हेनिसला पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. त्यामुळे कंपनीचा सल्ला खर्चाच्या दृष्टीने चुकीचा नाही. परंतु मेस्त्रेत राहणारा प्रवासी सकाळी सगळ्यांबरोबर स्थानकावर उतरतो आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर परत फिरतो, म्हणजे शहर सर्वांत भरलेले असते नेमक्या त्याच वेळात तो तिथे असतो. व्हेनिसमध्ये शांतता ही जागेपेक्षा वेळेवर अधिक अवलंबून आहे. सकाळी साडेसातला सान मार्कोचा चौकही मोकळा असतो, आणि दुपारी बाराला एखादी आडबाजूची गल्लीही भरलेली असू शकते. म्हणून खोली लहान घ्यावी, एक जेवण साधे करावे, पण रात्री पाण्याच्या शहरातच राहावे. कान्नारेजो या विभागाच्या उत्तरेकडे किंवा कास्तेल्लो या विभागाच्या पूर्वेकडे मध्यवर्ती भागापेक्षा बरेचदा कमी दरात जागा मिळते. पुलांवरून सामान न्यावे लागणार नाही अशी, वापोरेत्तोच्या म्हणजे प्रवासी जलबसच्या थांब्याजवळची जागा निवडावी, आणि आरक्षणापूर्वी थांब्यापासून दारापर्यंत किती पूल लागतात हे घरमालकाला स्पष्ट विचारावे. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, त्यामुळे आपल्या आईंच्या बाबतीत हा प्रश्न खिडकीतून कालवा दिसतो का यापेक्षा महत्त्वाचा आहे.

गर्दीची रचना एकदा समजली की ती टाळणे सोपे जाते. स्थानकापासून स्त्रादा नोव्हा या रुंद रस्त्याने रियाल्तो, आणि तिथून सान मार्को, अशी एकच मुख्य धार आहे, आणि भिंतींवरचे पिवळे फलक प्रत्येकाला याच धारेत ढकलतात. तिच्यापासून दोन पूल आडवे गेले की माणसे झपाट्याने विरळ होतात. दुसरी गोष्ट पत्त्यांची. शहराचे सहा विभाग आहेत: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे न लागता संपूर्ण विभागाप्रमाणे लागतात, त्यामुळे कास्तेल्लोमधले क्रमांक सहा हजारांच्या पुढे जातात आणि नुसता क्रमांक सांगून त्या शहरातला माणूसही आपल्याला दारापर्यंत नेऊ शकत नाही. मार्गदर्शकाशी भेटीची जागा ठरवताना म्हणूनच पत्ता न घेता एखाद्या चर्चचे दार, पूल किंवा जलबसचा थांबा ठरवून घ्यावा.

मार्गदर्शक निवडताना पहिली अट परवान्याची. इटलीत पर्यटक-मार्गदर्शक हा परवान्याचा व्यवसाय आहे. २०२३च्या अखेरीस झालेल्या कायद्याने त्यासाठी राष्ट्रीय परीक्षा आणि राष्ट्रीय नोंदवही आणली आहे, आणि मार्गदर्शकाकडे ओळखपत्र असते. माझ्यासारखा गटासोबत जाणारा टूर लीडर स्मारकांसमोर उभा राहून विवेचन करू शकत नाही, ते काम परवानाधारकाचेच आहे. दर सामान्यतः माणशी न लागता संपूर्ण गटाला तासांच्या हिशेबाने लागतो, त्यामुळे चार-पाच जणांच्या कुटुंबाला खासगी मार्गदर्शक वाटतो तितका महाग पडत नाही. मोठ्या गटात सामील होणे मी सुचवणार नाही. २०२४पासून नगरपालिकेने गटाची मर्यादा २५ माणसांवर आणली आहे आणि ध्वनिवर्धकांना बंदी घातली आहे. तरी अडीच मीटर रुंदीच्या गल्लीत पंचवीस माणसे थांबली की शांत वस्ती शांत राहत नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला दगड दिसत नाही.

आरक्षणापूर्वी एक पत्र पाठवावे आणि त्यात तीन गोष्टी विचाराव्यात: आपण आम्हांला कोणत्या वस्तीत, किती वाजता न्याल आणि तीच का, वाटेत किती पूल लागतील, आणि वाटेत एखाद्या दुकानात किंवा काचकारखान्यात थांबणे आहे का. उत्तरात मार्गाचे कारण असेल तर माणूस कामाचा. ‘लपलेले व्हेनिस’ असल्या शीर्षकाखाली ठिकाणांची तयार यादी आली, तर तो मार्ग इतर दहा जणांनाही तसाच विकला जातो असे समजावे. मुरानो या काचकामाच्या बेटावर फुकट नेऊन आणण्याचा प्रस्ताव आला तर नम्रपणे नाकारावा. त्या नौकेचे भाडे पुढे काचेच्या विक्रीतून वसूल होणार असते. हिंदी किंवा मराठीत बोलणारा मार्गदर्शक मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. इंग्रजीत सावकाश बोलण्याची विनंती आधीच करावी, आणि आईवडिलांसाठी मधूनमधून मराठीत सांगायला वेळ मिळेल इतकी सवड ठेवून मार्ग आखायला सांगावा.

आता शहर वाचण्याविषयी. मार्गदर्शकाकडून सर्वांत आधी विहीर समजून घ्यावी असा माझा आग्रह असतो, कारण ती समजली की व्हेनिसचा अर्धा नकाशा समजतो. या शहराभोवती पाणीच पाणी असले तरी ते खारे आहे, आणि भूगर्भातून गोडे पाणी काढण्याची सोय नव्हती. म्हणून चौकच पाणी साठवण्याचे साधन झाला. काम्पो म्हणजे चौक. तो काही मीटर खोल खणून तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा जाड थर देत, म्हणजे खारे पाणी आत शिरत नसे. मग तो खड्डा वाळूने भरून मधोमध विटांचा उभा हौद बांधत. वरच्या फरसबंदीला मंद उतार देऊन त्यात छिद्रांचे दगड बसवत, त्यांतून पावसाचे पाणी वाळूत झिरपे, गाळले जाई आणि हौदात साचे. आज चौकात दिसणारा कोरीव दगडी कट्टा म्हणजे त्या हौदाचे तोंड. झाकणांना कुलपे असत आणि ठरावीक वेळी घंटा वाजवून ती उघडली जात. मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले ते १८८४ मध्ये. तोपर्यंत प्रत्येक वस्तीचे जीवन आपल्या चौकाला बांधलेले होते, आणि वाड्यातल्या चौकात जसे घरच्यांचे सगळे येणेजाणे दिसते तसे ते इथे दिसे: चर्च, विहीर, बाजार आणि भांडण, सारे एकाच जागी. भरतीचे खारे पाणी विहिरीत जाऊ नये म्हणून काही ठिकाणी, उदाहरणार्थ सान त्रोव्हाझोच्या चर्चजवळ, संपूर्ण चौकच पायऱ्यांनी उंचावलेला आहे. एवढे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढच्या प्रत्येक चौकात आपण आपोआप उताराची दिशा आणि छिद्रांचे दगड शोधू लागतो.

त्याच रीतीने घरांचा पाया दाखवायला सांगावा. चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर फळ्या, त्यावर समुद्रापलीकडच्या इस्त्रिया प्रदेशातून आणलेला पांढरा दगड आणि त्यावर विटांची भिंत, असा क्रम आहे. हा पांढरा दगड पाणी फारसे शोषत नाही, वीट मात्र शोषते. म्हणून ओल दगडाच्या वर चढली की विटांमधला क्षार फुलून गिलावा गळू लागतो. कालव्याच्या काठी उभे राहून शेवाळाची हिरवी रेघ कुठवर आली आहे आणि पांढरा दगड कुठे संपतो हे पाहिले की शहराच्या दुखण्याचे निदान स्वतःच करता येते. ‘रिओ तेरा’ असे नाव लिहिलेली गल्ली म्हणजे बुजवलेला कालवा. ती इतर गल्ल्यांपेक्षा रुंद असते आणि तिथे पूल नसतात, हे गुडघे दुखणाऱ्या माणसाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पहिल्या सकाळसाठी मी कान्नारेजोचा उत्तर भाग निवडतो. तिथे तीन लांब कालवे एकमेकांना समांतर आणि जवळजवळ सरळ गेले आहेत, त्यांच्या काठाने रुंद फोंदामेंता म्हणजे पाण्यालगतचे रस्ते आहेत, आणि काठाकाठाने चालले तर बराच वेळ पूल चढावा लागत नाही. हे काठ दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ऑक्टोबरअखेरही तिथे ऊन मिळते. सुरुवात कान्नारेजो कालव्यावरच्या गुल्ये पुलापाशी करावी आणि बुटके छत असलेल्या एका वाटेने घेट्टोत, म्हणजे ज्यूंच्या जुन्या वस्तीत, शिरावे.

घेट्टोला पुरेसा वेळ द्यावा. घाईने पाहिला तर तो काही उंच इमारतींचा चौक एवढाच वाटतो. २९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातील ज्यूंना पूर्वी ओतशाळा असलेल्या या बेटावर राहण्याची सक्ती केली. रात्री दरवाजे बंद होत, आणि पहारेकऱ्यांचा पगार कोंडलेल्यांनाच द्यावा लागे. लोक वाढले पण जागा वाढली नाही, म्हणून घरे वर चढत गेली. इतरत्र तीन-चार मजले असताना इथे सात-आठ मजले दिसतात, आणि खिडक्यांमधले अंतर मोजले तर आतली छते किती बुटकी असतील याचा अंदाज येतो. प्रार्थनामंदिरे वरच्या मजल्यांवर आहेत. सर्वांत जुने १५२८चे. रस्त्यावरून ती ओळखण्याची खूण म्हणजे एका रांगेतल्या पाच मोठ्या खिडक्या. नवा घेट्टो हा आधीचा आणि जुना घेट्टो नंतरचा, १५४१चा, हा गोंधळ मार्गदर्शकाला जागेवरच सोडवायला सांगावा. जुन्या घेट्टोच्या गल्लीत १७०४चा एक शिलालेख भिंतीत आहे. धर्मांतर केल्यानंतर गुपचूप ज्यू विधी करणाऱ्यांना कोणती शिक्षा होईल ते त्यात बजावले आहे. दरवाजे १७९७ मध्ये, नेपोलियनचे सैन्य आल्यावर, काढले गेले. प्रार्थनामंदिरे आतून पाहायची तर संग्रहालयामार्फत जावे लागते आणि शनिवारी ते बंद असते, म्हणून आपली पहिली सकाळ शनिवारी येत असेल तर दिवसांची अदलाबदल करावी.

तिथून ओर्मेझीनी आणि सेन्सा या काठांनी पूर्वेकडे गेले की काम्पो देइ मोरी लागतो. भिंतीत पगडी घातलेल्या व्यापाऱ्यांचे पुतळे आहेत, आणि त्यांपैकी रिओबा नावाच्या पुतळ्याला लोखंडी नाक बसवलेले आहे. दोन पावलांवर चित्रकार तिंतोरेत्तोचे घर आहे, जिथे तो १५९४ मध्ये वारला, आणि पुलापलीकडे मादोन्ना देल्लोर्तो हे त्याच्या वस्तीचे चर्च आहे. इथे आत जाऊन बसावे. वेदीच्या दोन्ही बाजूंना त्याची सुमारे १४ मीटर उंचीची दोन चित्रे आहेत. राजवाड्यात त्याचीच चित्रे पाहताना मागून धक्के बसतात, इथे बाकावर बसून पाहता येतात, आणि ज्या माणसांसाठी ती काढली त्यांच्याच वस्तीत ती आहेत. बाजूच्या एका छोट्या प्रार्थनाकक्षात चित्रकार जोव्हान्नी बेल्लिनीच्या मादोन्नेच्या, म्हणजे बाळ येशूसह मेरीच्या, चित्राची प्रतिकृती लावलेली आहे, कारण मूळ चित्र १९९३ मध्ये चोरीला गेले. चर्चसमोरच्या कालव्यापलीकडच्या प्रासादावर ओझे लादलेल्या उंटाचे शिल्प आहे. पूर्वेकडच्या व्यापारावर ही घराणी कशी वाढली हे सांगायला मार्गदर्शकाला याहून चांगली जागा मिळणार नाही. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोजे असे, आणि हीच नाणी व्यापारातून भारतात येऊन आपल्याकडे पुतळी म्हणून माळेत ओवली गेली. हे मार्गदर्शकाला सांगून पाहावे, संवाद बदलतो. शेवट फोंदामेंते नोवेवर करावा. समोर सान मिकेले हे स्मशानबेट दिसते, आणि जलबसचा मोठा थांबा तिथेच असल्याने परत चालावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकाशिवाय कास्तेल्लोचा पूर्व भाग घ्यावा. आर्सेनाले थांब्यावर उतरून प्रजासत्ताकाच्या नौकाबांधणी आगाराच्या दरवाजापाशी जावे. बाहेर बसवलेल्या सिंहांपैकी काही ग्रीसमधून लूट म्हणून १६८७ मध्ये आणले गेले, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या बसलेल्या सिंहाच्या खांद्यांवर उत्तर युरोपातून आलेल्या भाडोत्री सैनिकांनी कोरलेली रून लिपीतली अक्षरे पुसटशी दिसतात. मग व्हिया गारिबाल्दी हा बुजवलेल्या कालव्याचा रुंद, सपाट रस्ता धरावा. सकाळी तिथे आजूबाजूचे रहिवासी भाजी घ्यायला, कॉफी प्यायला येतात, आणि रस्त्याच्या टोकाला, जिथून कालवा पुन्हा सुरू होतो, तिथे नौकेतूनच भाजी विकली जाते. फळांना हात लावू नये, बोटाने दाखवावे. विक्रेता स्वतः निवडून देतो. पुढे पूल ओलांडल्यावर सान पिएत्रो दी कास्तेल्लो येते. गवत वाढलेले अंगण, किंचित कललेला पांढऱ्या दगडाचा मनोरा आणि जवळजवळ कुणी नाही. १८०७पर्यंत व्हेनिसचे मुख्य चर्च हे होते. सान मार्को हे तोवर डोजेचे खासगी देवालय होते. धर्मपीठाला शहराच्या अगदी कडेला ठेवून सत्तेने मध्यभाग स्वतःकडे राखला, हे तिथवर चालत गेल्यावर पायांना कळते. द्विवार्षिक कलाप्रदर्शन, म्हणजे बिएन्नाले, ऑक्टोबरमध्ये सहसा चालू असल्याने ते जिथे भरते त्या उद्यानाजवळ थोडी वर्दळ असेल. उद्यानाच्याही पुढे सांतेलेना ही झाडांची, सपाट, विसाव्या शतकातली वस्ती आहे. तिथे पाहण्याजोगे फारसे काही नाही, पण आईंना बाकावर बसून खाडी पाहायची असेल तर जागा उत्तम आहे.

परतताना एक वळण घेऊन सांती जोव्हान्नी ए पाओलोच्या चौकात जावे. तिथली संगमरवरी नक्षीची दर्शनी भिंत पाहून लोक संग्रहालय समजतात. ते शहराचे रुग्णालय आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला रुग्णनौका लागतात.

तिसरा दिवस दोर्सोदुरोच्या पश्चिम टोकासाठी. सान सेबास्तिआनो हे चर्च चित्रकार व्हेरोनेझेने छतापासून वेदीपर्यंत रंगवले आणि तो तिथेच पुरलेला आहे. जवळच झेनोबिओ प्रासाद आहे, जिथे आर्मेनियन मुलांची शाळा चाले. तिला मूरात आणि राफाएल या मद्रासच्या आर्मेनियन व्यापाऱ्यांची नावे आहेत, कारण तिच्यासाठी पैसा त्यांनी ठेवला होता. बाहेर फलक वाचून पुढे जावे. पश्चिम टोकाचे सान निकोलो देइ मेंदिकोली हे मच्छीमारांच्या वस्तीचे बुटके, जुने चर्च मला व्हेनिसमधल्या कोणत्याही मोठ्या चर्चपेक्षा अधिक आवडते. तिथून झात्तेरे या लांब, उन्हाच्या घाटावर यावे आणि सान त्रोव्हाझोच्या कालव्यापलीकडून गोंडोला दुरुस्तीचे आवार पाहावे. गोंडोला उलटी घातलेली असेल तर तिची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असल्याचे दिसते; नावाडी एका बाजूनेच वल्हवतो, म्हणून नौका सरळ जावी यासाठी ती मुळातच वाकडी बांधलेली असते. वेळ उरला तर समोरच्या जुदेक्का बेटावर संध्याकाळी जावे. १५७५ ते १५७७च्या प्लेगनंतर बांधलेले रेदेंतोरे चर्च तिथे आहे, पण त्याहून मोठे कारण म्हणजे तिथून संपूर्ण शहर समोर दिसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, हे ध्यानात ठेवावे.

गुडघ्यांविषयी थोडे अधिक. जलबसचे एक तिकीट ७५ मिनिटांसाठी ९.५० युरोचे आहे आणि तीन दिवसांचा पास ४५ युरोचा (२०२५चे दर). आपल्या बाबतीत पासच घ्यावा, म्हणजे एका पुलासाठीही बस घ्यायला मन कचरत नाही. ऑक्टोबरच्या चौथ्या रविवारी तिथे मॅरेथॉन असते. तिच्यासाठी झात्तेरे आणि सान मार्कोच्या बाजूच्या पुलांवर तात्पुरते लाकडी उतार घालतात आणि शर्यतीनंतरही काही काळ राहू देतात, त्याचा आपल्याला फायदा होईल. मोठा कालवा ओलांडणारी त्रागेत्तो नावाची साधी गोंडोला पर्यटकांना दोन युरोत पलीकडे सोडते, पण हलत्या नौकेत उतरावे लागते. आईंनी आधी काठावरून पाहून ठरवावे. खासगी गोंडोलेचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे, तो संपूर्ण नौकेचा असतो, माणशी नव्हे. बसायचेच असेल तर सान मार्कोऐवजी एखाद्या शांत कालव्यावरून बसावे. पैसे तेवढेच लागतात.

जेवणाबाबत सावध राहावे. बाकारो म्हणजे उभ्याने खाण्याची लहान मद्यशाळा, आणि तिथले चिकेत्ती नावाचे छोटे पदार्थ बहुतांशी मासळीचे असतात. ‘बिगोली इन साल्सा’ हा पास्ता नुसत्या कांद्याचा दिसतो, पण त्यात मासे विरघळवलेले असतात. पावटा-राजम्यासारख्या कडधान्यांचे सूपही बरेचदा डुकराच्या मांसाच्या तुकड्यावर शिजवतात. ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नको, हे दोन्ही सांगावे. नुसते मांस नको म्हटले तर मासा येतो. त्या मोसमात भोपळा आणि लाल कडवट रादिक्कियो मिळतो, आणि त्यांचा रिझोत्तो, म्हणजे रश्शात शिजवलेला भात, मागवता येतो, मात्र त्याचा रस्सा कशाचा आहे हे विचारून घ्यावे. मार्गदर्शकाला फेरीच्या शेवटी दोन खाणावळींची नावे कागदावर लिहून द्यायला सांगावे. त्या कागदाची किंमत फेरीइतकीच आहे.

या वस्त्यांत वावरण्याचा प्रश्न शिष्टाचारापुरता नाही. १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे १,७५,००० लोक राहत. आता ती संख्या ५०,०००च्या खाली गेली आहे, आणि रियाल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत २००८पासून ती आकड्यांत लावलेली आहे. उरलेले लोक याच शांत गल्ल्यांत राहतात. त्यामुळे पर्यटकांनी तिथे जावेच का, असा प्रश्न मला मार्गदर्शक मित्रही विचारतात. माझे मत असे की चार-पाच जणांनी, उजव्या कडेने एकामागे एक चालत, पुलावर न थांबता, खिडक्यांत कॅमेरे न रोखता आणि त्याच वस्तीतल्या दुकानातून काही विकत घेत जावे. पंचवीस जणांनी जाऊ नये. पुलांच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडला तर दंड होऊ शकतो, म्हणून सोबतचे खाणे बाकावर किंवा खोलीवर खावे.

शहरात शिरण्याचे शुल्क हा आपल्याला पडलेला आणखी एक प्रश्न. २०२४ आणि २०२५ मध्ये ते एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून घेतले गेले. मुक्कामी प्रवाशांना त्यातून सूट होती, कारण ते हॉटेलमध्ये वेगळा कर भरतात. दिवस दरवर्षी नव्याने जाहीर होतात, तेव्हा निघण्यापूर्वी नगरपालिकेच्या संकेतस्थळावर तपासावे.

राहिली भरती. ऑक्टोबर ते मार्च हा उंच भरतीचा काळ आहे. खाडीच्या तीन तोंडांवर बसवलेले ७८ दरवाजे ऑक्टोबर २०२०पासून वापरात आहेत, आणि ११० सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक भरतीचा अंदाज असला की ते उचलले जातात, त्यामुळे २०१९सारखा १८७ सेंटीमीटरचा पूर येण्याची भीती आता पूर्वीसारखी उरलेली नाही. मात्र त्याखालच्या पातळीला दरवाजे सहसा उचलत नाहीत आणि सान मार्कोचा चौक हा शहरातल्या सर्वांत सखल भागांपैकी एक आहे, म्हणून तिथे घोटाभर पाणी येऊ शकते. पालिका पुढच्या काही दिवसांचा अंदाज प्रसिद्ध करते. तो पाहून सान मार्को कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी पाहायचे ते ठरवावे आणि मार्गदर्शकाची सकाळ त्याप्रमाणे पुढेमागे करण्याची मुभा त्याच्याशी ठरावातच बोलून घ्यावी. रबरी बूट भारतातून नेऊ नयेत, गरज पडली तर तिथे तात्पुरते मिळतात.